प्रतीक्षायादीतलं घर

चित्राचं कार्ड उलटं धरलंय हे बाईंच्या लक्षात यायच्या आत समोरचा माणूस म्हणाला, "कात्री." मग थोडं थांबून, "उलटी."

बाईंना हसू आलं आणि लगेच विरलं. शब्द उच्चारताना त्याने डाव्या तळव्याने मांडीवर दोनदा हलकेच ठोकलं होतं. का, त्री. ही युक्ती कुणाला आपोआप सुचत नाही. प्रकल्पाच्या शिक्षिका घरोघरी जाऊन ती शिकवत होत्या, आणि या घराची पायरी आजवर एकही शिक्षिका चढली नव्हती. हे घर प्रतीक्षायादीत होतं.

पक्षाघाताने वाचा गेलेली चाळीस माणसं. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या वीस जणांकडे शिक्षिका पाठवायच्या, उरलेल्या वीस जणांना वर्षभर थांबवायचं आणि सहा महिन्यांनी दोन्हीकडे सारखीच वीस चित्रं दाखवून मोजायचं, ही सगळी आखणी बाईंचीच. मोजणी झाली होती. शिकवलेल्यांनी सरासरी तेरा चित्रं ओळखली, थांबवलेल्यांनी बारा. म्हणजे फरक नाही. परवा अहवाल समितीपुढे जाणार होता, आणि फरक नाही म्हटल्यावर प्रकल्प गुंडाळणार हे उघड होतं. बाई इथे आल्या होत्या त्या फक्त एका अर्जातला रिकामा राहिलेला रकाना भरायला. घरी काही सराव केला का? कार्ड त्यांनी सहज, जाता जाता पुढे केलं होतं.

"यांना हे कोणी शिकवलं?"

त्याची बायको शिवणयंत्रावर बसली होती. तिने हाताने चाक थांबवलं.

"कोणी नाही. आपोआप येतंय."

बाई अर्ज मांडीवर ठेवून बसून राहिल्या. शिंपिणीने सुईखालचं कापड सरळ केलं, पुन्हा सरळ केलं.

"समोर पोस्टमनकाकांकडे दर बुधवारी शिक्षिका येतात," ती शेवटी म्हणाली. "मी काकूंचं माप घ्यायच्या निमित्ताने जाऊन बसते. सहा महिन्यांत चोवीस वेळा माप घेतलं. काकू म्हणतात, अगं, मी माणूस आहे की वाढतं पोर?" ती हसली नाही. "तिथे कान देऊन ऐकायचं आणि गुरुवारी दुपारी इथे तसंच करायचं. यादीतली बाकीची माणसंही येतात."

"किती?"

"आम्ही धरून अकरा घरं."

वीसपैकी अकरा. बाईंचं पेन रकान्यावरच थांबलं.

"बाई, पाया पडते, हे लिहू नका. नाव लिहून घेताना बजावलं होतं, यादीतल्यांनी मध्ये काही करायचं नाही. आमची नावं कापतील. आता सहा महिन्यांनी नंबर आहे आमचा."

गप्प राहणं सोपं होतं. पण बाईंनी तिला सगळं सांगितलं. यादीतली माणसंही बोलू लागली, म्हणून शिकवण्याचा फरक दिसला नाही. फरक दिसला नाही, म्हणून शिक्षिका बंद होतील. मग कोणाचाच नंबर येणार नाही.

शिंपिणीला ते कळायला वेळ लागला.

"म्हणजे आमच्यामुळे?"

"नाही. चूक माझी आहे. समोरासमोरची घरं दोन गटांत टाकायला नको होती."

"मग पुन्हा मोजा."

"तेच मागणार आहे. महिनाभरात येते."

समितीच्या खोलीत खिडक्या बंद होत्या. अध्यक्षांनी अहवालाला जोडलेलं नवं पान दोनदा वाचलं.

"म्हणजे एका शिंपिणीने नुसतं ऐकून अकरा माणसांना बोलतं केलं?"

"हो."

"वा! मग घरचेच करू शकतात की. शिक्षिका कशाला हव्यात?"

"ती शिक्षिकांचं ऐकून शिकली, साहेब. शिक्षिकाच गेल्या तर ती ऐकणार काय? दर बुधवारी नवा धडा असतो."

"हे तुमच्या आकड्यांत आहे?"

"नाही."

"आकड्यांत काय आहे?"

कचेरीत बाईंना सगळे कौतुकाने फूटपट्टी म्हणत. आकड्याबाहेरचं बोलायचं नाही, हे त्यांनीच या खोलीत वर्षानुवर्षं सांगितलं होतं.

"फरक नाही," त्या म्हणाल्या. "पण ते आकडे आता खरे नाहीत. सहा महिने द्या, मी पुन्हा मोजते."

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पुराव्यावर निर्णय घ्या, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, बाई. रांगेत दुसरे प्रकल्प आहेत." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, त्यामुळे भांडताही येईना. महिनाअखेर शिक्षिका बंद, असं नोंदवून समिती पुढच्या विषयाकडे वळली.

हे सांगायला जायचं बाई तीन आठवडे टाळत राहिल्या. अखेर एका गुरुवारी दुपारी निघाल्या. निदान सगळी माणसं एकत्र भेटतील, एकदाच सांगून होईल, असा त्यांचा हिशेब होता.

खोलीत दोघंच होती. नवरा भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. बाईंना पाहून त्याने डावा हात उचलला, तोंड उघडलं आणि नुसता घशातून आवाज काढला. मग बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून काज करत राहिली.

"बाकीचे कुठे आहेत?"

"बंद केलं," शिंपीण म्हणाली. "तुम्ही गेलात त्याच दिवसापासून. बाकीच्या दहाही घरी जाऊन सांगून आले, महिनाभर कोणी काही करू नका, बाई मोजायला येणार आहेत." ती उठली, बाईंसाठी खुर्ची पुसून पुढे केली. "पहिले काही दिवस हे फार चिडले. शब्द अडला की माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी उठून आत जायची. आता नाही चिडत." ती आणखी जवळ आली. "मोजा आता. वीस चित्रांतली चारसुद्धा यायची नाहीत. चांगला फरक पडेल."

बाई खुर्चीवर बसल्या नाहीत.

"मोजायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "समितीने सगळं बंद केलं. परवा शिक्षिकांचा शेवटचा दिवस."

रस्त्यावरून एक गाडी गेली. नवरा दाराबाहेर बोट दाखवून पुन्हा काहीतरी म्हणू पाहत होता. त्याचे ओठ जुळत होते, सुटत होते.

शिंपीण त्याच्याकडे पाहत होती. बाईंकडे न वळताच तिने विचारलं,

"मग सांगू का यांना शब्द?"