शेपटीतला गनर

दोन शिलिंगला पाकीट मिळायचं आणि त्यात अख्खं विमान. पंख, चाकं, नखाएवढी माणसं, सगळं करड्या प्लास्टिकच्या काड्यांना लगडलेलं. दर शनिवारी दुपारी बाबा आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते गोंदानं जोडत बसायचो. इंग्लंडमधल्या हलच्या बंदरात पेट्या उचलणारा, आठवडाभर घरात गुरकावणारा हा माणूस तेवढे दोन तास माणसात असायचा. त्या गोंदाचा वास कुठे आला की मला अजून भरून येतं.

आमच्या गल्लीची एक रीत होती. फसलेलं विमान ठेवायचं नाही, पाडायचं. विमानाच्या काचेवर गोंद सांडला, एखादा भाग हरवला, की पोरं ते कपड्यांच्या दोरीला टांगत, लायटरचं तेल ओतून पेटवत आणि छऱ्याच्या बंदुकीनं झोडपत. माझा पंधरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह त्यात पटाईत. मीही पाडलीत की. जळतं प्लास्टिक सूं सूं करत गळायचं, ते बघायला फार मजा यायची. खोटं कशाला बोलू?

लँकॅस्टर बॉम्बरला आम्हाला पाच शनिवार लागले. माणसं सात. सहा बसवल्यावर बाबांनी सातवा, शेपटीत बसून बंदूक चालवणारा गनर, उचलून खिशात टाकला. "शेपटीतली जागा रिकामी राहू दे, ग्लेनिस," ते म्हणाले. बाबा युद्धात तसल्याच विमानात होते, एवढंच आम्हाला ठाऊक. जास्त विचारलं की त्यांचा चेहरा कठीण व्हायचा आणि माझा शनिवार बुडायचा, म्हणून मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चर्चमधून आले तर लँकॅस्टर दोरीवर पेटलेलं. क्लाइव्हनं गनर नाही हे पाहिलं आणि विमान फसलं असं धरलं. त्याच्या मनात पाप नव्हतं. पण माझं डोकं फिरलं. कोळशाचं फावडं उचलून मी त्याच्या पाठीत घातलं. त्यानं माझी वेणी धरून तोंडावर ठोसा दिला, माझा दात हातात आला.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. आमच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, विमानाकडे पाहिलं. पंख वितळून खाली आले होते. मग ते क्लाइव्हवर धावून गेले. एका ठोशात त्याचा जबडा मोडला, तो आवाज मी ऐकला. तो पडल्यावरही बाबा लाथा घालत राहिले. मी त्यांच्या हाताला लटकले, रक्त येईस्तोवर चावले.

"बाबा, मरेल तो."

ते थांबले.

"सहा जण आत होते," ते म्हणाले. "मी शेपटीतून उडी मारली. ते आतच राहिले."

क्लाइव्ह रक्त गिळत त्यांच्याकडे बघत होता. या घरात त्या दिवसापर्यंत हे बाबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी एकटीनंच वर्तमानपत्र पसरलं. क्लाइव्ह समोर येऊन बसला. जबडा तारेनं बांधलेला, बोलता येत नव्हतं. त्यानं पाकीट फाडलं आणि पंख सोडवायला घेतले. बाबा दारात उभे होते, बराच वेळ. मी एक शब्द बोलले असते तर ते आत आले असते. मला ते हवेही होते. पण बाबांना पाहताच क्लाइव्हनं पंख खाली ठेवून खुर्ची मागे सरकवली होती, म्हणून मी मान वर केली नाही.