दारातली बाई

मुलाने फोनवर बजावलं होतं, "आई, इथली खोली लहान आहे. किमती असेल तेवढंच आण, बाकीचं काढून टाक."

नर्सची नोकरी संपून कैक वर्षं झाली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. तर सिस्टरनी भांडीकुंडी, कपाट, पलंग, सगळ्यावर पाणी सोडलं. गाडी अडली ती एका चित्रापाशी.

चित्र नामांकित चित्रकाराचं. दारात बॅग घेऊन उभी असलेली एक बाई. नवऱ्याने ते लग्नानंतर लगेच आणलं आणि कोपऱ्यातली सही पाहुण्यांना दाखवत जन्मभर मिरवलं. ही घर सोडून निघालीय, असं त्याचं म्हणणं. सिस्टर म्हणायच्या, छे, परत आलीय! त्या बाईपायी जेवताना दोघं पार हमरीतुमरीवर यायचे. तो गेल्यापासून सिस्टर एकट्या जेवत. कधी त्याचीही बाजू स्वतःच मांडून बघत, पण त्यात काही राम नव्हता.

किंमत विचारायला त्या चित्र घेऊन गेल्या, तेव्हा जुन्या चित्रांच्या दुकानदाराने भिंग त्यांच्या हाती दिलं.

"बघा काकू, नुसते ठिपके. सहीसुद्धा छापलेलीच. अशी हजारोंनी निघाली, दवाखान्यात, हॉटेलात, कुठेही दिसतील. चौकटीचं लाकूड तेवढं बरंय."

भिंगातून बाई दिसेचना. सिस्टरना आधी नवऱ्याची कीव आली. किती ऐटीत दाखवायचा ती सही! मग त्याची इतकी आठवण आली, की भिंग परत द्यायचं भानच राहिलं नाही.

"तुम्हाला काय वाटतं, ही आलीय की निघालीय?"

"कोण?" दुकानदार म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन त्यांनी चित्र पुन्हा भिंतीवर लावलं आणि मुलाला फोन केला. आयुष्यात खोटं फारसं बोलल्या नव्हत्या, त्यामुळे जीभ अडखळली.

"अरे, चित्र भलतंच किमती निघालं."

"काय सांगतेस!" मुलगा हरखला. "मग विकूनच टाकू की! भिंतीवर ठेवून काय करायचंय?"

आता खरं सांगावं तर चित्र कचऱ्यात जाणार.

"नको," त्या म्हणाल्या. "चित्र इथेच राहू दे. आणि मीही."

आईने थट्टा केली असं वाटून मुलगा मनापासून हसला, आणि गाडी कधी पाठवू ते विचारू लागला.