सत्तावीस इंची गिटार

माझी थोरली बहीण मनकर्णा, तिचा आवाज ऑपरेशननंतर खाली गेला. खाली म्हणजे गड्यांच्याही खाली. गळ्यात लिंबाएवढी गाठ होती. डॉक्टरनं गाठ काढली आणि गाठीबरोबर वरचे सगळे सूर निघून गेले. शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं, तर शेजारच्या खाटेवरची बाई डोक्यावर पदर घेऊन उठून बसली. तिला वाटलं वार्डात गडीमाणूस शिरला.

आधी आक्का आमच्या गायन पार्टीत पुढं बसून गायची. पार्टी नेकनूरची, मालक धोंडीराम, गिटारवर मी. पोटासाठी मी लाईनमन आहे, खांबावर चढतो. गिटार फुकटात वाजवतो. ऑपरेशननंतर धोंडीराम म्हणाला, "मनकर्णाबाई, माझ्या सुरात गाता आलं तर गा, न्हाई तर कोरसमधी बसा." त्याचा सूर पेटीवरची काळी दोन. आक्काचा सूर त्याच्याही खाली, खालच्या सप्तकातल्या पांढरी सातवर. त्याच्या सुरात गायला लागली की वरच्या ओळीला तिचा गळा फाटायचा. लोक हसायचे. सहा साल ती कोरसमध्ये टाळ्या वाजवत बसली. जी गाणी तिनं स्वतः जोडलेली, त्यांच्यावर टाळ्या. मी शेजारी बसून वाजवत होतो. मला लाज वाटायला पाहिजे होती, वाटली न्हाई. गाणं मालकाच्या सुरात असतं, हे आम्हाला सूर्य उगवतो तितकं खरं वाटायचं.

साध्या गिटारच्या तारा आक्काच्या सुरापर्यंत ढिल्या केल्या की लोंबतात, फळीवर आपटून झणझण करतात. मग एकदा मोबाईलवर बॅरिटोन गिटार बघितली. तिची मान लांब, तारा जाड, आणि सगळ्यात जाड तार मोकळी सोडली की बरोबर आक्काचा सा, एक सप्तक खाली. औरंगाबादच्या दुकानात विचारायला गेलतो. दुकानदार माझ्या चपलांकडं बघून म्हणाला, "ती बाहेरून मागवावी लागते." बाहेरून म्हणजे कुठून, हे सांगायचेही त्यानं कष्ट घेतले न्हाईत.

म्हणून तलवाड्याला उत्तरेश्वर मिस्तरीकडं गेलो.

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. माजलगावचं धरण तळाला गेलेलं, ऊस संपलेला, धरणाखालचा एक सहकारी कारखाना दोन हंगाम पेटलाच न्हाई. सहकार असा, की कारखाना बंद पडल्यावर कामगार घरी बसले आणि चेअरमन खुर्चीत बसला. उत्तरेश्वर त्या कारखान्यात साचे करणारा सुतार होता. ऊस पिळायच्या यंत्राचं दातेरी चाक तुटलं की तो आधी ते सागवानात हुबेहूब कोरायचा, मग त्या लाकडी साच्यावरून पोलादाचं चाक ओतायचे. तीस वर्षं हेच केलं. घरी बसल्यावर बेंजो दुरुस्त करू लागला, मग नवे बनवू लागला. इलेक्ट्रिक गिटारी त्यानं दोन केल्या होत्या, दोन्ही साध्या.

मी आक्कालाही घेऊन गेलतो. मिस्तरीनं माझ्या हाताचं माप घेतलं, बोटं फाकवून बघितली, मी मांडी घालून वाजवतो की उभ्यानं ते विचारलं. मग म्हणाला, "आता बाईंचा आवाज दाखवा."

आक्का माझ्याकडं बघू लागली.

"गा की, बाई. ज्याच्यासाठी कपडा शिवायचा त्याचं माप नको व्हय?"

आक्कानं सा लावला. मिस्तरीनं बेंजोवर चाचपडत तो शोधला. "लई खाली हाय की हो."

"तितंच हाय, मिस्तरी. वर बोलावते, पण येत न्हाई."

तो हसला. त्यानं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं, पांढरी सात, मानेच्या टोकापासून खाली तारा टेकतात त्या घोडीपर्यंत सत्तावीस इंच. लाकूड त्यानं कारखान्यातल्या एका टाकून दिलेल्या साच्याचं घेतलं, वीस वर्षं वाळलेलं सागवान. आवाज उचलणारा पिकअप माझ्या जुन्या गिटारचा. जाड तारा पुण्याहून पोस्टानं मागवल्या.

परतताना बसमध्ये आक्का म्हणाली, "तुजा सूर कुटं हाय, असं मला आजवर कुणी इचारलंच न्हवतं." मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

तीन महिने लागले. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आठवडाभर आधी मिस्तरीचा फोन आला. धोंडीरामही आमच्याबरोबर निघाला. बसमध्येच त्यानं सांगून टाकलं, "गिटार अन् बाई जुळली, तर जयंतीला बाईच्या सुरात दोन गाणी. न्हाई जुळली, तर परत हा इषय काढायचा न्हाई. कोरस म्हंजे कोरस."

"बरं," आक्का म्हणाली. ती पहाटे चारला उठून हापश्यावर नंबर लावून आलेली. एवढंच बोलून ती डुलकी घेऊ लागली.

गिटार देखणी झाली होती. रंग दिला नव्हता, नुसतं तेल पाजलेलं. स्पीकरला जोडून मी जाड तार मोकळी छेडली आणि मिस्तरीच्या शेडचा पत्रा घुमला. आक्कानं सा लावला. बसला. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मग मी मानेवर वर वर बोटं नेत तिच्याच गाण्याची चाल वाजवू लागलो आणि ती माझ्याबरोबर गाऊ लागली.

घागर माझी, दोर माझा, पाणी कुणाच्या बापाचं?

'दोर माझा'पर्यंत ठीक होतं. 'पाणी'वर फाटलं. मी वर, ती खाली. परत घेतलं, परत तेच. जितकं वर जाऊ तितकं अंतर वाढत होतं.

धोंडीरामनं मांडीवर थाप मारली. "झालं! बाई सुरातून उतरतीय. मी सहा सालापासून काय सांगतोय?"

"मान लांब हाय," मिस्तरी म्हणाला. "सवय व्हायला वेळ लागतो. पण माझ्या मापात फरक न्हाई. तीस वर्षं साचे केले, एक चाक परत आलं न्हाई."

"आइक, शहादेव," धोंडीराम म्हणाला. "हा माणूस पोलादाचे दात पाडतो. अन् ह्या बाईच्या गळ्याला टाके पडलेत. आता तूच सांग, चूक कुणाची?"

मी काय म्हणालो ते लिहितो, कारण न लिहिणं हा भेकडपणा होईल. मी म्हणालो, "आक्का, तू जरा खाली पडतीस."

माझ्या मांडीवर गिटार होती. बोटांना कळायला पाहिजे होतं. पण बोटं सागवानाच्या बाजूनं गेली, मिस्तरीच्या तीस वर्षांच्या बाजूनं, मालकाच्या बाजूनं. कुठल्याही बाईचा सूर आणि कुठल्याही गड्याचं माप समोरासमोर आलं की आपण बघायच्या आधीच ठरवून मोकळे होतो. शिकलेले तर जास्तच.

आक्का चिडली न्हाई. तिच्यात चिडायचं बळच नव्हतं. भिंतीला टेकून बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "शादू, जाड तार मोकळी सोड."

मी सोडली. तिनं सा लावला. बसला.

"आता त्याच तारंवर मधोमध बोट ठेव. ह्योच सा, वरचा."

मी मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी बारावीवर, बाराव्या फ्रेटवर, बोट दाबलं. तिथं तार निम्मी होते आणि तोच सूर एक सप्तक वर येतो. आला, पण चढा आला. आक्कानं आपला सा धरून ठेवला होता, आणि तो गिटारच्या सुराशेजारी दगडासारखा हलत नव्हता.

"मी तितंच हाय," ती म्हणाली. "ही पळतीय."

मी मोकळी तार आणि बारावा फ्रेट आलटून पालटून वाजवत राहिलो. दहा वर्षांच्या पोरालाही कळलं असतं.

मिस्तरीनं टेप आणली. मानेच्या टोकापासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजलं. पावणेचौदा इंच आणि वर थोडं. फ्रेटपासून घोडीपर्यंत मोजलं, सव्वातेरा इंचही भरेना. दोन्ही सारखं पाहिजे. त्यानं परत मोजलं. मग टेबलाच्या खणातून एक लाकडी फूटपट्टी काढली, टेपशेजारी ठेवली आणि मटकन खाली बसला.

"काय झालं, मिस्तरी?"

"ही कारखान्यातली." त्यानं पट्टी पुढं केली. "पोलाद थंड झालं की आटतं. म्हणून साचा मोठा करावा लागतो. दर येळंला हिशोब नको म्हणून आमची फूटपट्टीच मोठ्या इंचाची असती, फुटामागं पाव इंच जास्त. फ्रेट मी हिच्यावर आखले. हात आपोआप हिच्याकडंच गेला. अन् घोडी बसवली टेपनं." त्यानं डोकं धरलं. "लाकूड कुटं आटतंय, आई शपथ! वीस वर्षं वाळलेलं लाकूड. म्या पोलादाची गिटार केली."

आक्काला हसू आलं. "मग मोडायची का आता?"

"मोडायची कावून? फ्रेट एकमेकांच्या हिशोबानं बरोबर हायेत. घोडी अर्धा इंच मागं सरकली की झालं. ईस मिनिटं द्या."

त्यानं तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले, घोडी मागं सरकवून नवी भोकं पाडली. जुनी भोकं उघडीच राहिली. धोंडीराम तंबाखू मळत दारात उभा होता. उत्तरेश्वर काम करता करता मान वर न करता म्हणाला, "बाई, माफ करा. मी तुमच्या गळ्यावर ढकललं."

धोंडीराम असं काही म्हणाला न्हाई. गिटार परत जुळवली, आक्का वरच्या ओळीपर्यंत गाऊन खाली आली, कुठं फाटलं न्हाई, तेव्हा तो म्हणाला, "बरं, द्या दोन गाणी. पण इतक्या खाली कोरसच्या पोरींना झेपंल का?"

"मला सहा साल झेपलं न्हाई तरी तुज्या सुरात रेटलंस," आक्का म्हणाली. "त्यास्नी एक सांज झेपंल, बे."

तिनं धोंडीरामला बे म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि बाहेर गेला.

बीडच्या स्टँडवर नेकनूरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. आक्का मला म्हणाली, "धोंडीरामचं सोड. तो मालक हाय. तू कावून म्हणलास?"

"चुकलो, आक्का."

"चुकलास ते कळलं. कावून, ते इचारलं मी."

मला सांगता आलं न्हाई. अजूनही नीट सांगता येत न्हाई, म्हणून हे लिहितोय. गाडी आली, तिनं खिडकीची जागा धरली.

जयंतीला संध्याकाळी मंडप भरला. पहिली चार गाणी धोंडीरामची झाली. पाचव्याला आक्का पुढं येऊन बसली. मी जाड तार छेडली आणि तिनं सा लावला, तशी मागं बोलत उभी असलेली माणसं गप झाली. एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "कोण गातंय गं?" कुणी हसलं न्हाई. पहिलं कडवं झालं. पाणी कुणाच्या बापाचं म्हणताना ती वर गेली, आणि मी तिच्याबरोबर गेलो. अंतर राहिलं न्हाई.

दुसऱ्या कडव्याला रस्त्याकडून हॉर्न वाजला. तीन दिवसांनी टँकर आला होता. मंडपात एकदम हालचाल झाली. बाया उठल्या, पोरं उठली, घागरी आणायला पळापळ झाली. कोरसमधल्या दोन पोरी माझ्याकडं बघून ओशाळं हसल्या आणि त्याही गेल्या. त्यांना काय म्हणणार? पाण्यासाठीच तर गाणं होतं. धोंडीरामनं हातानं खूण केली, थांबवा.

मी आक्काकडं बघितलं. तिच्या घरीही चार घागरी कोरड्या होत्या. तिनं डोळे उघडून उठणाऱ्या माणसांना बघितलं, मला बघितलं.

"वाजीव," ती म्हणाली, आणि तिसरं कडवं उचललं.