पहिलं चाक

नवस तसा साधाच होता. अंबरनाथच्या शिवमंदिरापुढे हात जोडून संजीवनीताई म्हणाल्या होत्या, "देवा, माझ्या विनीतची गाडी येऊ दे. ती सगळ्यात आधी तुझ्या दारात येईल. तिचं पहिलं चाक तुझ्याकडे फिरेपर्यंत मी दर सोमवारी अनवाणी येईन."

त्याला चौदा सोमवार झाले होते. टाचांच्या भेगांना रात्री कोकम तेल लावायचं आणि सकाळी पुन्हा निघायचं. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं.

विनीतला त्या गाडीनं वेडच लावलं होतं. "आई, छोट्या गाडीच्या किमतीत मोठ्या गाडीचा रुबाब! आणि पाच माणसं घेऊन घाट चढते, दम लागत नाही." ताईंचे यजमान भगवंतराव चहा निवला तरी मोबाइलवर तिचाच व्हिडिओ बघत बसत. ताईंना आवडलं ते एवढंच, की दार उंच होतं. दुखऱ्या गुडघ्यानं वाकून शिरावं लागणार नव्हतं.

सोमवारी सकाळी गाडी दारात आली. शेजारच्या बनूबाई ओरडल्याच, "अगो बाय, ही तं आमदाराची दिसते!"

ताई हसत पूजेचं ताट घेऊन उतरल्या. कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ ओवाळला. चाकाखाली लिंबू ठेवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. टायरच्या खाचेत पिवळी साल चिकटली होती. एक बीसुद्धा.

"विनू, हे लिंबू कुणी ठेवलं रे?"

"शोरूमवाल्यांनी असेल."

"आणि ही लाल माती?"

विनीत किल्लीशी चाळा करू लागला. "गाडी शनिवारीच मिळाली, आई. बारवी धरणावर नेली होती. उल्हासनगरची सोनिया... आम्ही लग्नाचं ठरवतोय. तिच्या पप्पांना गाडीचा पिकअप बघायचा होता. तिच्या मम्मीनं हौसेनं पूजा केली. नाही कसं म्हणू?"

सोनिया हे नाव ताई आज पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी भगवंतरावांकडे पाहिलं. ते रुमालानं गाडीचा आरसा पुसत होते. आरसा स्वच्छच होता.

"तुम्हीपण होतात?"

"अगं, मी आपला मागे बसलो होतो फक्त."

शनिवारी दोघं बापलेक भगवंतरावांच्या मित्राकडे, हिंदुरावांकडे जातो म्हणून निघाले होते. ताईंनी थालीपीठांचा डबा भरून दिला होता. विनीत म्हणाला होता, जास्त दे. धरणाच्या काठी ती थालीपीठं कुणीकुणी खाल्ली, ते आता विचारायची गरज नव्हती.

"बस ना, आई. देवाला काय, पहिलं अन् दुसरं!"

ताईंनी चारही लिंबं पदरात घेतली आणि चालू लागल्या. गाडी हळूहळू शेजारून येत राहिली. विनीतनं काच खाली केली.

"निदान चप्पल तरी घाल. गाडी आली ना आता!"

"पहिलं चाक फिरेपर्यंत, असं बोलले होते मी," ताई नेहमीच्याच हलक्या आवाजात म्हणाल्या. "ते आता कधी फिरणार रे?"

मागून रिक्षावाले हॉर्न वाजवू लागले, तशी विनीतला गाडी पुढे काढावी लागली. ताई कडेकडेनं, खडी चुकवत चालत राहिल्या.