माझी शेपटी पुण्याला गेली

मी एक जुना पांढरा उंदीर आहे. जुना म्हणजे दीड वर्षाचा. आमच्यात या वयाला पणजोबा म्हणतात. केडगावच्या पुढे एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या पिंजऱ्यात माझा मुक्काम आहे.

मित्रांनो, अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या आपल्या राखणदार. त्यांच्या अंगावर बारीक कड्या असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरचं कोणी आलं की कडी वाजते. काही राखणदार मात्र साध्या धुळीलाही दरोडेखोर समजून एवढा गोंधळ घालतात, की श्वासनळीच सुजते. आमच्या घराण्यात असा गोंधळ घडवणारी एक कडी जन्मतःच नाही. मुद्दाम तशी पैदास केली आहे; तुलनेसाठी शेजारच्या पिंजऱ्यांत कडीवालेही आहेत. म्हणजे माझं कर्तृत्व काय, तर एक गोष्ट नसणं.

सायलीताई इथे संशोधन करते. तिची आई रतनबाई बाजरीच्या मळणीत भुसा उडाला की धापा टाकते. आत्या म्हणते, "कामाच्या टायमालाच बरी धाप लागती हिला!" ही धाप नाटक नव्हे, त्या कडीमुळे लागते, हे सायलीताईला दाखवायचं होतं. महिनोन्‌महिने तिने अंड्यातला पांढरा बलक टोचून आमच्या राखणदारांना त्याचं वावडं लावलं. आता फक्त त्याच बलकाचा शेवटचा फवारा नाकात मारणं आणि कोण धापतं ते मोजणं राहिलं होतं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. पिंजरे सांभाळणाऱ्या भीमाकाकांनी आमचे पिंजरे घासूनपुसून उलटसुलट मांडले, झेंडू वाहिला आणि गणपतीचं वाहन म्हणून प्रत्येकाला कुंकू लावलं.

"काका, पिंजऱ्यांवरची नावं कुठं गेली?" सायलीताईचा आवाज चिरकला.

"ती निळी शाई व्हय? लई चिवट हुती. काथ्यानं घासली तवा निघाली बगा."

आम्ही सगळे पांढरे, सगळ्यांच्या कपाळी कुंकू. कडीवाला कोण आणि बिनकडीचा कोण, देव जाणे. सांगायला मी घसा फोडला. पण उंदराचं चिं कोण लिहून घेतो?

फवारा तर द्यावाच लागला. निम्मे धापले. सायलीताईचे मार्गदर्शक महेंद्र सर त्यांना "वा, छान!" म्हणाले. मी ठणठणीत, म्हणून माझ्याकडे कुणी बघेना. सर म्हणाले, "धापला नाही तो बिनकडीचा, असं लिहू."

"सर, नापास झाला म्हणून ढ, आणि ढ म्हणून नापास! यात सिद्ध काय झालं?" सायलीताई म्हणाली.

सर चहा प्यायला गेले.

शेवटी कुणाला कडी आहे ते तपासायला आमच्या शेपट्यांचे शेंडे कापून पुण्याला धाडले. मी जन्मात केडगाव पाहिलं नाही. माझी शेपटी पुणे बघून आली. अहवालात निघालं, की धापलेले सगळे कडीवाले आणि न धापलेले सगळे बिनकडीचे.

"मोजताना कडीवाला कोण ते आपल्यालाही ठाऊक नव्हतं," सर खुलले, "म्हणजे कुणाला झुकतं माप दिलं, असं म्हणायची सोय नाही!"

"म्हून तर पुसलं," भीमाकाका शांतपणे म्हणाले.

सायलीताईने घरी फोन लावला. "आई, धाप म्हणजे नाटक नाही. निदान उंदरांत तरी."

 पलीकडून रतनबाई म्हणाल्या, "उंदरांला पटलं, बाई. आता तुज्या आत्याला कोन सांगनार?"

मित्रांनो, पूजा जरूर करा, पण शाई घासण्याआधी विचारा. आणि कुणाला धाप लागली, तर त्याला नाटकी म्हणू नका. आधी भुशातून बाजूला बसवा. धाप खरी आहे हे सिद्ध करायला दर वेळी कुठून शेपटी आणायची?