बोटभर रेघ

भिंगवाल्या काकांना निवृत्त व्हायला आठ दिवस राहिले होते, आणि खरं सांगायचं तर माणूस पार विटला होता. बत्तीस वर्षं त्यांनी नकाशांच्या ऑफिसात शेजारशेजारच्या शीटांच्या कडा जुळवल्या. म्हणजे या नकाशातला रस्ता कडेला जिथे संपतो, तिथूनच तो पुढच्या नकाशात सुरू होतो ना, एवढंच बघायचं. बढती मिळाली नाही, केबिन मिळाली नाही. पण ऑफिसात सगळे म्हणत, काकांची कड असली की डोळे मिटून सही करा. आयुष्यभराची कमाई म्हणाल तर एवढं नाव.

त्या दुपारी सर्व्हेअर बाई लंगडत आत आली. काकांच्या मुलीच्या वयाची. नवी आवृत्ती काढायची म्हणून डोंगरातल्या जुन्या वाटा पायाखाली घालून आली होती, अंगावरचं मूल आईकडे ठेवून, तीन आठवडे. त्यातला अख्खा दिवस एका पायवाटेनं खाल्ला. नकाशात चांगली ठसठशीत तुटक रेघ, आणि जागेवर पुरुषभर काटेरी झुडपं नि पुढे सरळ दरी. वाट नाही, असा तिनं अहवाल दिला. साहेब म्हणाले, तीस वर्षं छापतोय ती काय हवेत होती? कड काकांनी जुळवलीय, तुम्हालाच सापडली नसेल, सोमवारी परत जा.

बाई रडली नाही, भांडली नाही. गुडघा चोळत काकांसमोर बसली आणि म्हणाली, माझंच काही चुकतंय का, तेवढं एकदा बघाल?

काकांनी भिंग लावलं आणि रेघ लगेच ओळखली. स्वतःच्या हाताची रेघ कोण विसरतो? वरच्या शीटावरची वाट कडेला येऊन थांबली होती, खालच्या शीटावरची बोटभर बाजूला. दोन वेगळ्या वाटा होत्या त्या. नियम साधा होता, जुळत नसेल तर जागा मोकळी सोडायची, चिठ्ठी लावायची आणि माणूस पाठवून खात्री करायची. पण तेव्हा महिनाअखेर होती, चौदा शीटं बाकी होती आणि काकांच्या अंगात ताप होता. त्यांनी मधे बोटभर रेघ ओढली नि मोकळे झाले. कोण जातंय तिथे मरायला, असंच वाटलं होतं.

आता आठ दिवस गप्प बसलं असतं तर सगळं पचलं असतं. सोमवारी ही पोर पुन्हा दरीच्या तोंडाशी उभी राहिली असती, आणि हिला नकाशाच वाचता येत नाही म्हणून कायमचा शिक्का बसला असता. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. काका उठले आणि दोन्ही शीटं साहेबांच्या टेबलावर पसरली.

"ही वाट नाहीच," ते म्हणाले. "मी जोडली. कंटाळलो होतो. बाईंचा अहवाल खरा आहे."

साहेबांनी मधली रेघ बोट ठेवून मोजली. मग चष्मा काढून हळूच म्हणाले, "काका, अशा आणखी किती?"

ही एकच, हे काकांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण आठवेना. ताप आणि महिनाअखेर काही एकदाच आली नव्हती.

"सांगता नाही येणार. माझी सगळीच शीटं तपासावी लागतील. मी आजच बसतो."

"तुम्ही नको," साहेब म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी बघू दे."

काका बरं म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. ऑफिस सुटायला अजून दोन तास होते आणि त्यांना करायला काहीच उरलं नव्हतं.