इंधन संपल्यानंतरचं रॉकेट

भौतिकशास्त्राच्या बाईंचा शब्द म्हणजे शाळेत काळ्या दगडावरची रेघ. एकतीस वर्षं त्या पेपर काढत होत्या आणि त्यांच्या उत्तरसूचीवर बोट ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यामुळे प्रयोगशाळेचे सेवक काटेकाका आपल्या मुलीला घेऊन आले ते माफी मागायलाच. तराजूचे काटे सांभाळता सांभाळता त्यांना हे नाव पडलं होतं.

विज्ञान शाखेला सत्तर गुण लागत होते आणि मुलीला अडुसष्ट पडले होते. रॉकेटच्या गणितात चार गेलेले. प्रवेशाची यादी पाच वाजता लागणार होती. बाईंचंच चुकलंय, असा धोशा तिनं घरी लावला होता, आणि त्यावरून काकांनी तिला आठवडाभर फैलावर घेतलं होतं.

तिनं माफी मागितली, पण तोंडदेखली. बाई नाकावर माशी बसू न देणाऱ्या. फळ्यावर मांडून दाखव, म्हणाल्या. चूक तिच्याच तोंडून वदवायची होती.

मुलीनं मांडलं. रॉकेट सरळ वर सुटलं, दहा सेकंद वेग वाढत गेला, पाचशे मीटरवर इंधन संपलं. मग ती वळली.

"इथे ते थांबेल कसं, बाई? सेकंदाला शंभर मीटर वेग आहे अजून. तो शून्य होईपर्यंत वरच जाणार. आणखी पाचशे. म्हणजे हजार."

बाईंनी प्रश्नपत्रिका उघडली. रॉकेटने गाठलेली कमाल उंची किती? गेल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, इंधन संपलं तेव्हा रॉकेट किती उंचीवर होतं. यंदा मुलांनी घोकून येऊ नये म्हणून शेवटची ओळ बदलली आणि सूचीतलं जुनं उत्तर तसंच राहिलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी जाऊन सांगितल्यावर मुख्याध्यापकांनी तोड काढली. छापखान्यावर ढकलू, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंना मोह झाला, नाही असं नाही. मग त्यांनी कागद ओढला आणि सूचनाफलकासाठी लिहिलं, उत्तर माझं चुकलं. हजार लिहिणाऱ्या सतरा जणांचे गुण वाढले. पाचशेवाल्यांचे कापले नाहीत, ती शाळेची मेहेरबानी.

पाच वाजता यादीत मुलीचं नाव होतं. ते पाहून ती मैत्रिणींबरोबर निघून गेली, बापाकडे न बघता. काका फलकासमोरच उभे राहिले.

"काका, तुम्ही तरी तिचं ऐकून घ्यायचं होतंत," बाई म्हणाल्या.

"ऐकलं ना. तीनदा मांडून दाखवलं तिनं," काका म्हणाले. "पटलंही होतं मला. पण उत्तर तुमचं होतं."